नऊ दिवस न गळलेली गाडी

एक

पांढऱ्या फरशीवर ताटाएवढा काळा डाग पडला होता. डागाच्या एका बाजूला दंतवैद्य उभे होते, दुसऱ्या बाजूला त्यांची बायको फडकं घेऊन उभी होती, आणि दोघांच्या मध्ये ती गाडी. लाल, दोन दारांची, जेमतेम माझ्या कमरेएवढी. असल्या शर्यतीच्या गाडीचं इंजिन मागे असतं, आणि डाग बरोबर त्याच्या खाली होता.

"बघा," दंतवैद्य म्हणाले. "चार महिने हे असंच चाललंय." घरात कुणी गेल्यावर आणतात तसा त्यांनी आवाज खाली आणला होता.

गॅरेजला पांढरी फरशी बसवणाऱ्या माणसाबद्दलचं माझं मत तिथेच ठरलं.

माझी ओळख सांगतो. इंजिनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी गळती तपासली. माझ्या हाताखालून गेलेलं इंजिन कधी गळलं नाही आणि माझ्या तोंडून कुठला माणूस सुटला नाही. निरोपसमारंभाला अकरा जण आले होते. त्यातले चार तर मी खरंच चाललोय ना, याची खात्री करून घ्यायला आले होते. मला वाईट वाटलं नाही. उरलेल्या सातांबद्दलही माझं मत फारसं बरं नव्हतं.

या भानगडीत मी पडलो तो भाचीमुळे. बुधवारी तिचा फोन आला.

"मामा, मला इंजिनवरून काढलंय. गाड्या धुतेय सध्या."

असल्या महागड्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये ती चार वर्षं फिटर आहे. या लाल गाडीचं इंजिन तिने पहिल्यांदा एकटीने उघडून पुन्हा जोडलं होतं. जोडणीच्या कागदावर तिची एकटीची सही होती. मार्चमध्ये गाडी घरी गेली आणि त्याच आठवड्यात गळायला लागली. आता सोमवारी सकाळी दहा वाजता इंजिन पुन्हा खाली उतरणार होतं, आणि त्याबरोबर भाचीही. 'जोडणीत निष्काळजीपणा' असं पत्र टाइप होऊन तयार होतं. तक्रारदार म्हणून फक्त दंतवैद्यांची सही बाकी होती. ते पत्र एकदा मागे लागलं, की जन्मभर कुणी तिला इंजिनाला हात लावू देणार नव्हतं.

"तुझं चुकलंय का?" मी विचारलं.

"माहीत नाही रे. शेकड्याने बोल्ट असतात. एखादा..."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला इतकं लागलं नसतं. जिचा हात मी लहानपणापासून बघतोय, ती पोरगी स्वतःच्याच हातावर संशय घ्यायला लागली होती.

म्हणून गुरुवारी सकाळी मी त्या पांढऱ्या फरशीवर उभा होतो.

"तेल किती वेळा भरलंत तुम्ही?" मी दंतवैद्यांना विचारलं.

"मी? एकदाही नाही. माझा काय संबंध?" ते म्हणाले. "मी फक्त चालवतो. रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. शनिवारपर्यंत त्याने मला झोपू दिलं नाही.

दोन

दिवसभर लोकांच्या तोंडात आरसा घालून बघणाऱ्या या माणसाने स्वतःच्या गाडीचं झाकण आजवर उघडलं नव्हतं. मी ते उघडायला सांगितलं तर त्यांना खटकाच सापडेना. शेवटी बायकोने उघडून दिलं.

"आणखी काही तक्रार?"

"सुरू केली की निळा धूर येतो. शेजारी खिडक्या लावून घेतात," बायको म्हणाली. ती बोलायला आतुर होती. "आणि फरशी मीच पुसायची. गाडी यांची, डाग माझे. मार्चपासून नुसती धावपळ आहे हो. आधी सासूबाई गेल्या. मग बाबा आमच्याकडे राहायला आले. मे महिन्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. वर ही गळकी बया."

"तिला गळकी म्हणू नकोस," दंतवैद्य म्हणाले. बायकोपेक्षा त्यांना गाडीचा मान मोठा होता.

मी गॅरेजवर नजर फिरवली. एका फडताळात पॉलिशच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावून ठेवलेल्या. तीन प्रकारचे ब्रश. खालच्या कप्प्यात वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे नीट कापून एकावर एक रचलेले, आणि त्यांच्यावर स्टीलची एक वाटी पालथी. टायरसुद्धा पॉलिश करणारी माणसं ही. मी नाक मुरडलं आणि पुढे गेलो.

आतल्या दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला होता. पांढरा सदरा, बटणं गळ्यापर्यंत, डोळ्याला काळा चष्मा.

"गाडीकडे रोज बघावं लागतं," तो म्हणाला. "सकाळी, इंजिन थंड असताना. रोज."

"बाबा, तुम्ही आत बसा," दंतवैद्य म्हणाले. मग माझ्याकडे वळून, म्हातारा तिथे नसल्यासारखं, "वडील आहेत माझे. अडतीस वर्षं बस चालवायचे. त्यांना वाटतं सगळ्या गाड्या सारख्याच."

मी हसलो. तोंडदेखलं नाही, चांगलं खदखदून हसलो. "काका," मी म्हणालो, "ही बस नाही. तुम्ही आराम करा. इथलं आम्ही बघतो."

म्हातारा मागे सरकला. त्याने दार अगदी हळू लावून घेतलं.

गाडीखाली आडवा होऊन मी टॉर्च मारला. इंजिनाचं सगळं पोट तेलाने माखलेलं. गळती म्हटली की तीन संशयित ठरलेले. वरच्या झाकणाचं पॅकिंग, मागच्या बाजूचं ऑइल सील, नाहीतर एखादा पाइप. इथे तर तिघंही तेलात न्हायलेले होते. आणि वरच्या जोडावर, भाचीने स्वच्छ करून जोडलेल्या सांध्यावर, कुणीतरी सिलिकॉनची पेस्ट फासून ठेवली होती. बोटभर जाड, जागोजाग ओघळलेली.

ज्याला निदान करता येत नाही तो पेस्ट फासतो. हे कुणाचं काम आहे, ते मला बघायचं होतं.

तीन

वर्कशॉपचा मॅनेजर टाय लावतो. इंजिन उचलायचे चेन-ब्लॉक आणि ग्रीसचे डबे यांच्यामध्ये टाय लावून फिरतो, आणि फिरत्या पट्ट्याजवळ वाकताना तो छातीशी धरून ठेवतो. म्हणजे कामाला एकच हात उरतो. मी त्याचं नाव टायवाला ठेवलं.

"तुम्ही मुलीचे मामा," तो म्हणाला. "भावना समजू शकतो."

"भावना राहू द्या. तुम्ही काय काय केलंत ते सांगा."

नाकाने कांदे सोलत त्याने सगळं सांगितलं. मार्चमध्ये पॅकिंग बदललं, एप्रिलमध्ये सील बदललं. तरी गळती आहेच. मग मे महिन्यात त्याने स्वतः पेस्ट लावली.

"आणि काय सांगू," तो म्हणाला, "नऊ दिवस थेंब नाही! डॉक्टरांनी फोन करून आभार मानले. दहाव्या दिवशी पुन्हा सुरू. म्हणजे काय सिद्ध झालं? सांधाच चुकीचा जोडलाय. पेस्ट बिचारी किती दिवस धरणार?"

"दर वेळी तेल काढलंत ना?"

"अर्थात. काढलं, काम केलं, नवीन भरलं. मोजून."

"काढलेलं किती निघालं?"

"किती म्हणजे? ड्रममध्ये गेलं."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तेल गळतंय अशी तक्रार, तीन वेळा तेल काढलं, आणि आत किती शिल्लक होतं हे या शहाण्याने एकदाही मोजलं नाही. असल्या माणसाच्या हाती आमच्या पोरीचा निकाल होता! माझं डोकं इतकं फिरलं की मी एक मिनिट नुसता भिंतीवरचे पाने मोजत बसलो.

"मेनंतर गाडी इकडे आली होती?"

"नाही. थेट सोमवारीच येईल. तोवर पुरावाही बघा." त्याने ड्रॉवरमधून मार्चमध्ये काढलेलं पॅकिंग बाहेर काढलं. कडेला दोन बोटं लांब चीर होती. "तुमच्या भाचीने हे फाटकं बसवलं होतं."

मी ते उजेडात धरलं. जुन्या चिरेत तेल मुरतं, ती काळी पडते. ही आतून कोरी होती. पातं घालून ओरबाडून काढताना पडलेली.

"हे काढलं कुणी?"

"मी स्वतः."

"एका हाताने?"

त्याला कळलं नाही. ते बरंच झालं.

भाची मागच्या अंगणात कुणाच्यातरी गाडीची चाकं घासत होती. तिने हात पुसले.

"मामा, मी सगळं आठवून बघितलं. प्रत्येक बोल्ट पान्याने दोनदा आवळलाय. पण चार महिने सगळे म्हणतायत ना, मग वाटतं, असेलही."

"तेल कधी तपासलंस शेवटचं?"

"गाडी द्यायच्या दिवशी. गरम इंजिन, चालू ठेवून, सपाट जागेवर. बरोबर खुणेवर होतं. पहिली तक्रार आल्यापासून मला त्या गाडीजवळ जायला मनाई आहे."

"बरं. शनिवारी मी तिच्यावर पावडर टाकतोय," मी म्हणालो. "चुकली असशील तर तेही मीच सांगेन. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली. मग चाकाकडे वळत, "मामा, पण मला आधी सांग. त्यांच्यासमोर नको."

चार

गळती शोधायची माझी रीत जुनी आहे. इंजिन धुवायचं, वाळवायचं, त्यावर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरवायची. मग गाडी चालवायची. तेल कुठूनही निघो, पांढऱ्यावर त्याची वाट उमटते. इंजिन खोटं बोलत नाही. ते कौशल्य फक्त माणसांना आहे.

शनिवारी दुपारी मी ती पेस्ट खरवडून काढली, इंजिन धुतलं, पावडर टाकली. दंतवैद्यांनी गाडी वीस मिनिटं फिरवून आणली. मी झाकण उघडलं.

पॅकिंग कोरडं. सील कोरडं. पाइप कोरडे. भाचीने जोडलेल्या एकूण एक सांध्यावर पावडर जशीच्या तशी पांढरी.

तिला फोन लावून एवढंच सांगितलं, "तुझं इंजिन ठणठणीत आहे." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

तेलाची वाट मात्र होती. ती वरून आली होती, हवेच्या फिल्टरच्या डब्यातून. जिथे फक्त हवा असायला हवी, तिथून तेल ओघळत होतं, इंजिनाच्या अंगावरून खाली फरशीवर. बहुतेक इंजिनांचं तेल खालच्या परातीत असतं. या गाडीत तसं नाही, बाजूला वेगळी टाकी असते. टाकी काठोकाठ भरली, की वरचं तेल वाफेच्या नळीतून फिल्टरच्या डब्यात जातं. थोडं जळतं, त्याचा निळा धूर होतो. उरलेलं ओघळतं.

इंजिन चालू ठेवूनच मी तेल मोजायची काठी बाहेर काढली. तेल खुणेच्या वर होतं. थोडंथोडकं नाही, तीन बोटं वर.

मी काठी पुसून पुन्हा घातली. पुन्हा तेच.

गुरुवारचं ते वाक्य आता समोर येऊन उभं राहिलं. 'मी एकदाही भरलं नाही.' मे महिन्यापासून गाडी वर्कशॉपला गेली नव्हती. दोन महिने, दर आठवड्याला अर्धा लिटर तरी बाहेर पडतंय. म्हणजे टाकी अर्धी रिकामी व्हायला हवी होती. आणि ती उतू जात होती.

गळती नव्हतीच. कुणीतरी तेल ओतत होतं.

पण कोण? दंतवैद्यांना झाकणाचा खटका सापडत नव्हता. टायवाल्याला भाचीवर खापर फोडायचं होतं, हलकटपणाही होता, पण रोज दुसऱ्याच्या गॅरेजात शिरणार कसा? बायकोने ओतायचं आणि मग तिनेच पुसायचं? छे.

राहिले ते नऊ दिवस. टायवाल्याला वाटलं त्याच्या पेस्टने तेल धरलं. पण पेस्ट ज्या सांध्यावर होती तिथून तेल कधी येतच नव्हतं. मग त्या नऊ दिवसांत थांबलं काय होतं?

मी बाईंना हाक मारली. "तुमच्या सासऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते इथेच होते?"

"नाही हो. माझी नणंद डोळ्यांच्या दवाखान्याजवळच राहते. तिच्याकडे होते."

"किती दिवस?"

त्यांनी बोटं मोजली. "सोमवारी गेले, पुढच्या आठवड्यात बुधवारी आले. नऊ."

मी फडताळाकडे गेलो. वाटी उलटी केली. आत बोट फिरवलं. बोटाला तेल लागलं.

पाच

रविवारी सकाळी साडेसहाला मी गॅरेजच्या उघड्या दारापाशी उभा होतो. म्हाताऱ्याने झाकण उघडलं. कागदाचा एक चौकोनी तुकडा घेतला, काठी ओढली, पुसली, घातली, पुन्हा ओढली. उजेडात धरून बघितली आणि मान हलवली. मग डब्यातून वाटीभर तेल मोजून घेतलं आणि एक थेंब न सांडता टाकीत ओतलं.

मीच खाकरलो. तो दचकला नाही.

"कोरडी येते रोज," तो म्हणाला. "माझ्या मुलाला गाडीची हौस आहे, पण बघत कुणी नाही. मी इथे आलो त्या दिवशी काठी बघितली, ठणठणीत कोरडी! म्हटलं, इंजिन जाईल हो. डोळ्याच्या वेळी तर नऊ दिवस खंड पडला. आल्याबरोबर सगळं एकदम भरून काढलं."

अडतीस वर्षं बसचं तेल सकाळी थंड इंजिनात बघायचं, हेच त्याचं काम. बसला तेच बरोबर होतं. या गाडीचं गणितच उलटं. रात्रभर उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू इंजिनाच्या पोटात उतरतं. सकाळी काठी कोरडी येणारच. इंजिन चालू झालं, गरम झालं, की पंप ते सगळं परत टाकीत आणतो. म्हणून हिचं तेल गरम असताना, चालू ठेवून बघायचं. म्हातारा रोज भरल्या टाकीत तेल ओतत होता, आणि ती रोज त्याला कोरडीच दिसत होती.

आणि त्याने कधीच काही लपवलं नव्हतं. गुरुवारी दारात उभा राहून त्याने मला तोंडावर सांगितलं होतं. सकाळी, थंड असताना, रोज. एकतीस वर्षांचा अनुभव घेऊन आलेला मी शहाणा खदखदून हसलो होतो.

मला तेव्हाच त्याला समजावून सांगता आलं असतं. पण माझी जीभ दंतवैद्यांसाठी शिवशिवत होती. मी आत गेलो, त्यांना पेपर खाली ठेवायला लावला आणि पायरीपायरीने सगळं ऐकवलं. निळा धूर, उतू जाणारी टाकी, नऊ दिवस, वाटी. "चार महिने तुम्ही वडिलांशी दोन वाक्यं बोलला असतात तर हे झालं नसतं," असंही सुनावलं. फार बरं वाटलं मला.

दंतवैद्य लाल झाले. मग त्यांनी दार लोटलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हे बाहेर जायला नको. आमच्या गाड्यांच्या क्लबात कळलं तर? माझ्या बापानेच वाटीने तेल ओतलं! लोक जन्मभर हसतील."

"मग?"

"पॅकिंगच खराब होतं, असं राहू द्या. इंजिन उतरवतील, बसवतील, संपलं. बाबांना मी गॅरेजात जायला मनाई करतो. तुमच्या भाचीला कुठेतरी रिसेप्शनला लावून देतो. माझ्या ओळखी आहेत."

"ती फिटर आहे."

"मुलीच्या जातीला तसंही ते..."

त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. माझा चेहरा बघून सोडलं असावं.

मी गॅरेजात येऊन भाचीला फोन केला, उद्या सगळ्यांसमोर कसे वाभाडे काढतो ते सांगायला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मामा, आजोबांना कळलंय का? की त्यांच्यामुळे झालं?"

"अजून नाही."

"मग नको. माझं इंजिन ठीक आहे हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. चारचौघांत त्या म्हाताऱ्या माणसाला उभं करू नकोस."

"आणि तुझं पत्र?"

"बघू," ती म्हणाली. मी तिला मूर्ख म्हणालो आणि फोन ठेवला. वळलो, तर घरात जायचं आतलं दार हळूच बंद होत होतं. कुणीतरी तिथे उभं राहून ऐकत होतं.

सहा

सोमवारी दहा वाजता चेन-ब्लॉक तयार होता. सगळे फिटर कामं टाकून गोळा झाले होते. टायवाल्याने पत्र फळीला लावून दंतवैद्यांपुढे धरलं होतं. भाची हात पुसत एका बाजूला उभी. तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की मला दुखत होतं.

दंतवैद्यांनी पेन उघडलं. मी तोंड उघडलं. गेलं खड्ड्यात सगळं, मी बोलणारच होतो.

"थांब रे जरा," मागून आवाज आला.

म्हातारा दारात होता. तोच पांढरा सदरा, काळा चष्मा, हातात तेलाचा डबा. दोन बस बदलून एकटाच आला होता. मुलाच्या शेजारून पुढे गेला आणि सरळ टायवाल्यापुढे उभा राहिला.

"तेल मी ओतत होतो," तो म्हणाला. "मार्चपासून, रोज. या मुलीच्या इंजिनात काही खोट नाही."

टायवाला हसला, लहान मुलाशी हसतात तसं. "आजोबा, तुम्हाला यातलं काय कळतंय? बसा तुम्ही. पाणी आणा रे यांना."

"पाणी नको. तुमची तक्रारवही आणा."

"कशाला?"

"आमच्या डेपोत रीत होती. ज्याच्या हातून चूक झाली, त्याने पाळी संपल्यावर ती वहीत स्वतःच्या हाताने लिहायची. मगच घरी जायचं. दुसऱ्या कुणी लिहायची वेळ येऊ द्यायची नाही."

टायवाला जागचा हलला नाही. भाचीच गेली आणि वही घेऊन आली. म्हाताऱ्याने मुलाच्या हातातलं पेन काढून घेतलं. नुकतं ऑपरेशन झालेला डोळा कागदाजवळ नेऊन, एकेक अक्षर गिरवत त्याने लिहिलं. तारीख, वेळ. 'गाडीचे तेल चुकीच्या पद्धतीने पाहून जास्तीचे ओतले. फिटरची चूक नाही.' खाली सही, आणि सहीखाली सवयीने बिल्ला नंबर. इतकी वर्षं झाली तरी हात तो नंबर विसरला नव्हता.

दंतवैद्य बुटांकडे बघत होते. बापाने पेन त्यांना परत दिलं नाही. पत्रावर सही झालीच नाही.

"आता मला सांग पोरी," म्हातारा भाचीला म्हणाला, "हिचं तेल बघायचं कधी?"

भाचीने दंतवैद्यांपुढे हात केला. "चावी."

"अहो, पण बाबांना..."

"चावी द्या," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज फिटरचा होता.

चार महिने ज्या गाडीला तो रोज वाटीने भरवत होता, तिच्या खुर्चीवर म्हातारा पहिल्यांदा बसला. भाचीने त्याला सुरू करायला सांगितलं. मग ते दोघं मागे उभे राहून इंजिन गरम व्हायची वाट बघू लागले. ती सांगत होती, तो मान हलवत होता. मधेच तो काहीतरी म्हणाला आणि ती हसली. मार्चपासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं.

वही माझ्यासमोर उघडीच होती. पेनही. मी जन्मात कुठल्या वहीत स्वतःची चूक लिहिली नाही. दुसऱ्यांच्या मात्र एकतीस वर्षं लिहिल्या. माझे कान तापले होते. मी पेन उचललं आणि म्हाताऱ्याच्या ओळीखाली लिहिलं, 'गुरुवारी यांनी मला सगळे सांगितले होते. मी हसलो. गळती-तपासनीस, निवृत्त.' खाली सही ठोकली.

मग पेन टायवाल्यापुढे धरलं. त्याने ते घेतलं, खिशाला लावलं, टाय नीट केला आणि त्याच्या केबिनमध्ये निघून गेला.